शेजार आमिश लोकांचा

प्रश्न : नवऱ्याला अमेरिकेत, पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्यात नोकरी मिळाली आहे. घर खेड्यात, चहूकडे आमिश या जुन्या, साध्या पद्धतीनं राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची शेतं. मोटार, वीज, फोन नाकारणाऱ्या या लोकांशी आमचं जमेल का? मुलगी दहा वर्षांची आहे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, खुशाल या. याच परगण्यातल्या न्यू हॉलंड गावाजवळ मी बरीच वर्षं राहते आहे आणि असा शेजार मिळायला भाग्य लागतं, असं मला मनापासून वाटतं.

आधी गाडीचं सांगते, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. रस्ते चढउताराचे. चढ ओलांडला की करडी घोडागाडी एकदम पुढ्यात येते. मागचा नारिंगी त्रिकोण दिसताच वेग उतरवा. हॉर्न मुळीच नको, घोडा बुजतो.

ते सगळंच नाकारतात असं नाही. तारेवरची वीज घरात घेत नाहीत, पण दूध थंड ठेवायला डिझेलचं इंजिन चालतं. फोन बहुधा अंगणाच्या कडेला खोपटात असतो. एखादी वस्तू घरात आली तर माणसं एकमेकांपासून तुटतील का, हे पाहून मंडळी नियम ठरवतात. मोटार स्वतःची नसते, पण दुसऱ्याच्या मोटारीत बसतात. शेजारीण कधी दवाखान्यात सोडाल का म्हणून विचारेल. जरूर सोडा. पैसे देऊ केले तर अवघडू नका, ती तिथली रीतच आहे.

फाटकाशी मका, टोमॅटो, बीट मांडलेलं असतं. कुणी नसलं तर पैसे डब्यात टाकायचे. रविवारी मात्र विक्री बंद. फोटोसाठी उभं राहणं त्यांच्या श्रद्धेत बसत नाही. भारतातून पाहुणे आले की त्यांनाही हे आवर्जून सांगा.

मुलीचं म्हणाल, तर त्यांची मुलं आठवीपर्यंतच आणि बहुतेक त्यांच्याच एकखोली शाळेत शिकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1972 साली त्यांना ही मुभा दिली. मला स्वतःला हे पटत नाही, मुलींसाठी तर नाहीच. पण ओळख नीट झाल्याशिवाय तो विषय काढू नका.

मार्चच्या सुमारास गावोगावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलांसाठी लिलाव भरतात, त्यांना ‘मड सेल’, म्हणजे चिखलातली विक्री, म्हणतात. गोधड्या, घोडे, जुनी अवजारं, सगळं विकायला असतं. या दलांत आमिश पुरुषही आग विझवायला धावतात. मुलीला घेऊन तिथे नक्की जा. निम्मे शेजारी त्या चिखलातच भेटतील.