‘४७ इतके दिवस आला नाही, म्हणजे आता येणारच ना?’

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासनीस असलेले, चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनासाठी आले, तेव्हा त्यांनी सोबत एक जाड वही आणली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) ०० ते ९९ यांपैकी एक आकडा काढणाऱ्या, दिवसातून अनेकदा होणाऱ्या सोडतीचे निकाल त्यांनी त्यात तारीखवार उतरवले होते आणि बरेच दिवस न आलेल्या आकड्यांभोवती लाल वर्तुळे केली होती. “मॅडम, तीनशे सोडती झाल्या, ४७ एकदाही आला नाही. कधीतरी यावंच लागेल ना त्याला?” आकडा बदलतो, पण लॉटरीच्या नादात अडकलेल्या माणसांकडून हा प्रश्न मी वरचेवर ऐकते.

घरचे लोक याला अडाणीपणा म्हणतात, ते मला पटत नाही. कारखान्यात टूल झिजत जाते, त्यामुळे नगाचे माप हळूहळू एका बाजूला सरकते, आणि मागच्या मापांचा आलेख पाहून टूल कधी बदलायचे हे या गृहस्थांना आधीच कळते. ती सवय त्यांनी जशीच्या तशी सोडतीला लावली होती. मात्र यंत्रात झीज साठते, सोडतीत काहीच साठत नाही. प्रत्येक वेळी शंभरच्या शंभर आकडे पुन्हा रिंगणात असतात, त्यामुळे ४७ येण्याची शक्यता पहिल्या सोडतीत शंभरात एक होती आणि तीनशेएकाव्या सोडतीतही तेवढीच राहते. तो कधीतरी येईल हे खरे आहे; पण आजपासून मोजली तरी त्याची सरासरी वाट शंभर सोडतींचीच आहे, कारण आजवर पाहिलेली वाट त्यातून वजा होत नाही.

त्यांना हे पटेना. तीनशे सोडतींत एक आकडा अजिबात न येणे हेच त्यांना विपरीत वाटत होते. मी त्यांच्या हातात कॅल्क्युलेटर दिला. एखादा आकडा एका सोडतीत न येण्याची शक्यता ०.९९, हीच संख्या तीनशे वेळा गुणली की उत्तर सुमारे ०.०५ येते. म्हणजे तीनशे सोडतींनंतर शंभरांपैकी साधारण पाच आकडे कोरे राहणे अगदी स्वाभाविक आहे. वहीत लाल वर्तुळे चार होती. सगळे शंभर आकडे किमान एकदा येऊन जाण्यासाठी तर सरासरी ५१९ सोडती लागतात.

“पण शेवटी सगळे आकडे सारखेच येतात, असं गणितच सांगतं ना?” हा त्यांचा पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अर्धवट कळलेल्या नियमाचा आधार सोडवणे फार अवघड असते. तीनशे सोडतींत ४७ सरासरीने तीनदा यायला हवा होता, म्हणजे तीनची तूट आहे. पुढच्या दहा हजार सोडतींत तो आपल्या नेहमीच्या गतीने शंभरदा आला, तर एकूण १०,३०० सोडतींत त्याचे प्रमाण ०.९७ टक्के होते, म्हणजे एक टक्क्याच्या अगदी जवळ. तूट भरून निघाली नाही, मोठ्या संख्येत ती दिसेनाशी झाली. प्रमाण सावरते ते असे, आणि त्यासाठी ४७ने एकदाही जास्त यावे लागत नाही.

इटलीच्या लोट्टोमध्ये व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षे आला नाही. ‘आता येणारच’ म्हणून लोकांनी त्यावर अब्जावधी युरो लावले, कित्येक कुटुंबे कर्जात बुडाली, काहींनी जीव दिला. ९ फेब्रुवारी २००५ रोजी तो आला, तेव्हा त्यांतील अनेकांकडे लावायला काही उरले नव्हते.

आमच्या गृहस्थांनीही हाच मार्ग धरला होता: हरले की रक्कम दुप्पट. दहा रुपयांपासून सुरुवात केली तरी दहाव्या खेपेपर्यंत एकूण १०,२३० रुपये जातात, आणि शंभरात एक शक्यतेच्या आकड्यासाठी दहा खेपा म्हणजे काहीच नव्हे.

पुढच्या भेटीपर्यंत मी त्यांना वहीच तपासायला सांगितली. जुन्या पानांवर त्या-त्या वेळी सर्वांत जास्त काळ न आलेले आकडे एका रकान्यात लिहायचे, मुलीने चिठ्ठ्या उचलून काढलेले तितकेच आकडे दुसऱ्या रकान्यात, आणि पुढच्या सोडतीत कोणते लागले ते पाहायचे. तपासणी हा त्यांचा व्यवसायच असल्याने त्यांनी हे काम मनापासून केले, आणि दोन्ही रकान्यांत फरक म्हणावा असे काही निघाले नाही. माझ्या समजावण्यापेक्षा स्वतःच्या हस्ताक्षरातला हा निष्कर्ष त्यांना अधिक लागला.

गणित कळले म्हणून खेळ त्याच दिवशी सुटला, असे मात्र झाले नाही. ४६ आला की ‘एकाने हुकला’ ही चुटपुट त्यांना पुन्हा दुकानाकडे ओढत असे. वास्तविक ४६ आणि १२ हे दोन्ही ४७पासून सारखेच दूर असतात. त्यामुळे शिफ्ट सुटल्यावर घरी जाण्याचा रस्ता बदलणे, पगाराचे खाते काही काळ पत्नीकडे सोपवणे आणि सर्व उसनवारी एका कागदावर मांडणे, ही कामे आम्ही सोबतच सुरू केली. नातेवाइकांनी हिशेब न पाहता एकरकमी कर्ज फेडून टाकू नये, असे मी कुटुंबाला आवर्जून सांगते, कारण मोकळा झालेला हात बहुधा पुन्हा आकड्याकडेच वळतो. समुपदेशकापर्यंत पोहोचणे लगेच शक्य नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते.