टेप भावाच्या कमरेला लाव

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी २४ वर्षांची, उंची १५७ सेंटिमीटर. दिवाळीत वजन ५८ किलो होतं. तेव्हाच घरात माझं लग्नाचं बघायला लागले आणि आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "हिला साडी नेसवली की पोतं बांधल्यासारखं दिसतं." त्या दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी एक भाकरी, भाजी, बास. पाच महिन्यांत ५१ किलोवर आले, तरी आरशात दंड आणि पोटच दिसतं. दिवसातून तीन-चारदा काट्यावर उभी राहते. दोनशे ग्रॅम वाढलं तरी रडू येतं. तीन महिने पाळी नाही, केसही गळतायत. घरचे मात्र म्हणतात, आता छान बारीक झालीस. भाऊ २९ वर्षांचा, १७२ सेंटिमीटर, ६४ किलो. तो वाट्टेल ते खातो, त्याला कुणी बोलत नाही. परवा सहज दोघांची कंबर मोजली, माझी ६९ सेंटिमीटर, त्याची ९५. बाबांना डायबेटीस आहे. माझं योग्य वजन किती असावं?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुझा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, पण मी पाळीच्या ओळीशीच अडकले. वजनाचं नंतर सांगते. आधी या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन ये.

पोटात पुरेसं पडत नाही हे कळलं की शरीर काटकसरीला लागतं आणि बहुतेक वेळा पहिली कात्री पाळीला लागते. हे लांबलं तर हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि चोविसाव्या वर्षी ते बाहेरून कुणालाच दिसत नाही. अर्थात थायरॉइड, पीसीओडी (हार्मोन्स बिघडून बीजाशयाचं काम विस्कळीत होणं) अशी इतर कारणंही असू शकतात, म्हणून नुसत्या पत्रावरून मी निकाल देणार नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ रक्त तपासतील, गर्भधारणेची चाचणी करतील, कदाचित सोनोग्राफीही सांगतील. एक मात्र लाजू नकोस. रात्री जेवत नाहीस हे त्यांना स्पष्ट सांग. नाहीतर ५१चा आकडा बघून त्याही म्हणतील, वजन तर छान आहे.

कारण कागदावर ते खरंच छान आहे. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की बीएमआय येतो. तुझा आज २०.७ आहे, दिवाळीत २३.५ होता. आपल्याकडे १८.५ ते २२.९ निरोगी धरतात, म्हणजे तुझ्या उंचीला साधारण ४६ ते ५६ किलो. किती ऐसपैस पट्टा आहे बघ, चांगला दहा किलोंचा! त्यात "योग्य वजन" असा एकच आकडा कुठे बसवायचा? आणि दिवाळीत तू त्या पट्ट्याच्या जेमतेम दोन किलो बाहेर होतीस. जागतिक आरोग्य संघटनेचा नेहमीचा तक्ता लावला, तर त्याची रेघ २५ला आहे, त्यात तू तेव्हाही आतच होतीस. त्या दोन किलोंना रोजचं अर्धा-पाऊण तास चालणं पुरलं असतं. आत्याबाईंना हे कोण सांगणार!

काटा आधी माळ्यावर टाक. मीठ, पाणी, पोट साफ झालं की नाही, पाळी जवळ आहे का, यानं एका दिवसात किलोभर फरक सहज पडतो. तुझे दोनशे ग्रॅम म्हणजे एक पेलाभर पाणी. तेवढ्यावर तू रडतेस.

बारीक होऊनही आरशात जाडच दिसणं, जेवणाची धास्ती, सारखं वजन करणं, या गोष्टी एकत्र आल्या की तो हट्ट किंवा नखरा नसतो. तो आजाराचा रस्ता असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेट. जाणं अवघड वाटत असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या नंबरवर फोन कर, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. खाऊन मुद्दाम उलटी काढत असशील किंवा चक्कर येत असेल, तर फोनवर थांबू नकोस, डॉक्टरकडे जा. जेवणाचं म्हणशील तर आज रात्रीपासून ताटावर बस. मेजवानी नको, भाकरी, आमटी, भाजी, थोडा भात.

(मला पाहायला आलेल्या एका मंडळींनीही "मुलगी अंगानं भरलेली" म्हणून नकार कळवला होता. ते पत्र आईनं बरीच वर्षं जपून ठेवलं होतं, का ते देव जाणे.)

आता भाऊ. तुझ्या पत्रात मला खरा काळजीचा आकडा दिसला तो ९५.

त्याचा बीएमआय २१.६, म्हणजे तक्त्यात एकदम फर्स्ट क्लास. पण भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची ८०च्या. दुसरा सोपा हिशेब, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी. त्याची निम्मी उंची ८६, तुझी साडेअठ्ठ्याहत्तर. तू दोन्हीत पास, तो दोन्हीत नापास. हातपाय काटकुळे आणि पट्ट्याखाली नगारा, अशी माणसं माझ्याकडे रोज येतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच जोडीनं फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. काट्याला हे दिसत नाही.

भावाची कंबर नीट मोजून घे. पँटचा पट्टा असतो तिथे नाही. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, पाय जुळवून, सहज श्वास सोडल्यावर. पोट आत ओढेल, ओढू देऊ नकोस. तरीही नव्वदीच्या वर भरली तर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) आणि लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे रक्तातली चरबी) करून घ्यायला सांग. एचबीए१सी ५.७च्या आत हवं, ६.४पर्यंत इशारा, ६.५पासून डायबेटीस. वडिलांना आहे म्हटल्यावर तिशीची वाट पाहू नये.

दोघं एकाच दिवशी लॅबमध्ये जा. तो रिकाम्या पोटी येईल. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनला उपाशी राहावं लागत नाही, तेव्हा तू पोहे खाऊन नीघ.