कळ, ठणका आणि वॉर्डातली हिंदी

पोरी,

परवा फोनवर म्हणालीस ना, ताई माझी हिंदी ऐकून वॉर्डात सगळे हसतात, तेव्हा मला नाईटला निघायचं होतं म्हणून नीट बोलता आलं नाही, आता लिहिते. आधी ती लाज सोड. 'मेरे को', 'वांदा नहीं' ही मुंबईची हिंदी, ती कोणाच्याच घरची नाही म्हणून तर केरळच्या सिस्टरला, बिहारच्या वॉर्डबॉयला आणि आपल्या मालवणच्या मावशींना सगळ्यांना पुरते. भूमध्य समुद्राच्या बंदरांत शेकडो वर्षं खलाशी आणि व्यापारी सबीर नावाची बोली बोलायचे, त्यात क्रियापदं बहुतेक एकाच रूपात वापरायचे, तरी सौदे व्हायचेच. आणि इंडोनेशियाच्या तरुणांनी १९२८ साली देशासाठी एक भाषा ठरवली तेव्हा जावानीज बोलणारे सगळ्यात जास्त होते, तरी घेतली मलय, कारण बाजारात आणि बंदरांवर तीच आधीपासून चालत होती. मला हे फार आवडतं.

पण एक गोष्ट नीट ऐक. मधली भाषा काम चालवते, दुखणं मात्र माणूस आपल्याच भाषेत सांगतो. मी नवीन होते तेव्हा एक कोकणातल्या आजी होत्या, सगळ्यांना 'पेट में दुखता है' एवढंच सांगायच्या, कागदावरही पोटदुखी एवढंच होतं. मी रात्री बीपी घेताना सहज विचारलं, आजी कसं दुखतंय, तर म्हणाल्या, अगं कळ येते, पाठीपर्यंत जाते, मग ठणकत राहतं. कळ वेगळी, ठणका वेगळा, मुरडा वेगळा, हिंदीत त्या सगळ्याचं एकच 'दुखता है' झालं होतं. मी तसंच डॉक्टरांना सांगितलं, सकाळी तपासण्या बदलल्या.

म्हणून मराठी पेशंट असेल तर सवयीने हिंदीत सुरू होऊ नकोस, आपण मराठी माणसं हे फार करतो. आणि बाकीच्यांचे चार-पाच शब्द शिकून घे. मला मल्याळी सिस्टरने शिकवलं, 'वेदनयुंडो?' म्हणजे दुखतंय का, वेदना त्यांचीही वेदनाच! तुझ्याकडे गुजराती पेशंट जास्त आहेत ना, मग 'क्यां दुखे छे?' आजच पाठ कर, उच्चार चुकला तर तेच हसून सुधारतील. माझ्या जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर असे बरेच शब्द आहेत, रविवारी घरी आलीस की घेऊन जा.

तुझी ताई