कागदावर सही केली, म्हणून दावा संपत नाही

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. एप्रिलमध्ये टेक्सासच्या हिल कंट्रीत एका रँचवर नदीकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहिलो. शंभर वर्षांहून जुनं, अजूनही गुरं पाळणारं रँच. नदीकडे उतरताना गवतात बुजलेली गंजकी काटेरी तार आमच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या टाचेवर घुसली. टेंडनची शस्त्रक्रिया करावी लागली. तिथला गडी बोलून गेला, ‘मागच्या महिन्यात इथंच एका पाहुण्यांचा कुत्रा अडकला होता.’ मालक म्हणतात, बुकिंग करताना तुम्ही सगळी जोखीम मान्य केलीत, फाटकावर फलकही आहे. आता काही करता येईल का?

उत्तर : ताई, येईल. पण मालकाचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. टेक्सासमध्ये २०१५ पासून कृषी पर्यटनाचा कायदा आहे. ठरवून दिलेल्या मजकुराचा फलक सहज दिसेल असा लावला, किंवा पाहुण्याची तशी सही घेतली, की मालकाला दाव्यापासून संरक्षण मिळतं. कॅम्पिंगही त्यात येतं.

तुम्ही पाठवलेला बुकिंगचा कागद मी वाचला. पैसे परत न मिळण्याचे नियम, शेकोटीचे नियम, कुत्र्यांचे नियम, आणि सगळ्यात खाली, त्याच बारीक अक्षरात, जोखमीचं कलम. कायद्याला हवा स्वतंत्र कागद, किमान १० पॉइंटच्या ठळक अक्षरातला. हा कागद त्यात बसत नाही. शिवाय आईवडिलांनी आधीच सही करून मुलाचा हक्क सोडून देणं ह्यूस्टनच्या अपील न्यायालयानं १९९३ साली अमान्य केलं आहे. राहिला फलक. त्याचा मजकूर आणि जागा तपासायला हवी.

फलक बिनचूक निघाला तरी त्या गड्याचं वाक्य तुमच्या हातात आहे. जमिनीवरचा धोका मालकाला माहीत होता, किंवा माहीत असायला हवा होता, आणि तरी पाहुण्यांना सांगितला नाही, तर हे संरक्षण उरत नाही. मालकाचा वकील बहुधा करमणुकीसाठी जमीन वापरू देण्याच्या जुन्या कायद्याचाही आधार घेईल. तो लागू झाला तर नुसता निष्काळजीपणा पुरत नाही; धोका ठाऊक असून बेफिकिरी केली, हे सिद्ध करावं लागतं. तिथंही कामाला येईल तो कुत्र्याचाच प्रसंग. म्हणून गडी नेमकं काय बोलला, कधी, कोणासमोर, हे आजच दोघांनी वेगवेगळं लिहून ठेवा. तारेचे फोटो, मुलाचा फाटलेला बूट जपा. बूट धुऊ नका. त्या जागेची तार, फोटो आणि आधीच्या तक्रारींची नोंद नष्ट करू नये, असं पत्र वकिलामार्फत लगेच पाठवा. तार उचलून कुंपण नीट करायला एक दुपार पुरते.

मुदतीत अनेक आईबाप फसतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. मुलाच्या स्वतःच्या दाव्याची दोन वर्षं तो १८ वर्षांचा झाल्यावर सुरू होतात. पण आतापर्यंतचा आणि तो सज्ञान होईपर्यंतचा दवाखान्याचा खर्च हा कायद्याने तुमचा दावा. त्याची दोन वर्षं एप्रिलमधल्या त्या दिवसापासूनच मोजली जाताहेत. शस्त्रक्रियेचं बिल त्यातच येतं.

विमा कंपनीचा फोन येईल, मुलाची विचारपूस करतील, बोलणं रेकॉर्ड करू का म्हणतील. नाही म्हणा. देऊ केलेल्या चेकसोबत येणाऱ्या कागदावर तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करूच नका. मुलाच्या वतीने होणारी तडजोड न्यायालयाच्या नजरेखालून गेलेली बरी. अशा प्रकरणांत वकील बहुधा आधी फी मागत नाहीत, मिळालेल्या भरपाईतून ठरलेला हिस्सा घेतात. तेव्हा पैशाच्या काळजीने थांबू नका, याच आठवड्यात भेट ठरवा.