सतराचा पाढा अडतोय?

बाळा, एकोणीसला घाबरू नकोस. तो दिसतो अवघड, पण आहे भोळा: दशकाकडे 1, 3, 5, 7 असे विषम आकडे चढतात, एककाकडे 9, 8, 7, 6 उतरतात. झालं. खरा खोडसाळ सतरा.

सोलापूरच्या पोरानं त्यात चोकापासून सुरुवात करावी. आपल्या ग्रामदैवतानं, सिद्धरामेश्वरांनी, गावात स्थापलेली शिवलिंगं किती? 68. गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) त्यांच्याच प्रदक्षिणेला निघतात. तर सतरा चोक अडुसष्ट, हे तू विसरूच शकत नाहीस. तिथून एक पाऊल मागे 51, एक पुढे 85. आता या तिघांची दुप्पट कर: सक 102, आठे 136, दाहे 170. उरले साते आणि नव्वे. साते म्हणजे 120 ला एक कमी, आणि नव्वे म्हणजे 170 मधून 17 गेले, 153.

वहीत दहा-दहा वेळा लिहू नकोस. (मी लिहायचो. हात दुखायचा, डोकं झोपायचं.) आई चटणीसाठी शेंगा भाजत असेल तेव्हा शेजारी बसून मोठ्यानं म्हण, मग दाहेपासून उलटा म्हण. मध्येच कुणी "साते?" विचारलं आणि तू एकेपासून मोजत आलास, तर अजून पाठ झालेला नाही असं समज.