डीपीएफचा (डिझेल गाडीच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतोय. सर्व्हिस सेंटर म्हणतं लाखाचा फिल्टर बदला, गॅरेजवाला म्हणतो काढूनच टाका. काय करू?

काढू नका. आणि बदलूही नका, निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की गाडी २०२१ची, रनिंग ४८ हजार, पिवळा दिवा हायवेला नेल्यावर विझतो आणि आठवड्याभरात परत लागतो. सर्व्हिस सेंटरवाले ‘फिल्टर चोक झालाय, नवीन टाकावा लागेल’ म्हणतात आणि ओळखीचा गॅरेजवाला ‘काढून देतो, आयुष्यात परत दिवा लागणार नाही’ म्हणतो. ही दोन्ही वाक्यं मी जशीच्या तशी ऐकली आहेत. पहिलं एका एसी लावलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये, दुसरं आमच्याच घरी गणपतीत, पंगत बसलेली असताना. म्हणून लिहायला बसले. एरवी गाड्यांच्या प्रश्नांच्या वाटेला मी जात नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. पुण्यात घरोघरी जाऊन पेशंट बघते. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे, लांबात लांब वारजे. दोन किलोमीटर गेलं की गाडी बंद, पाऊण तास व्यायाम करून घ्यायचा, पुन्हा दोन किलोमीटर. डिझेल घेतली तेव्हा नवऱ्याचं दर आठवड्याला कोल्हापूर असायचं आणि त्या कामाला गाडी एक नंबर होती. पुढे त्याचं काम घरूनच व्हायला लागलं आणि गाडी माझ्या हातात आली. आता डीपीएफला स्वतःची काजळी जाळायला साधारण साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. कर्वे रोडच्या सिग्नलांवर ते कुठून येणार? त्यामुळे दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मला आश्चर्य वाटलं नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं वाचलं, रविवारी चांदणी चौकातून बायपासने सातारा रस्त्याला लागले, खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून शिरवळपर्यंत एका लयीत गेले, दिवा गेला. इथपर्यंत सगळं पुस्तकात असतं तसं.

पण तो परत आला. फार लवकर आला. आणि सोबत आणखी दोन गोष्टी आल्या. डिझेल जास्त प्यायला लागली, आणि डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ऑइल कमी होतं हे सगळ्यांना माहीत आहे, वाढतं कसं? फडक्याला पुसून वास घेतला तर डिझेलचा. फिल्टर तापवायला इंजिन उशिरा जादा डिझेल सोडतं, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. एखाद्या वेळी चालतं. इथे गाडी उठसूट फिल्टर जाळायला बसत होती आणि पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालत होतं.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. अ‍ॅडव्हायझरने अर्ध्या तासात कोटेशन हातात ठेवलं. फिल्टर एक लाख अठरा हजार, मजुरी वेगळी. “तुम्ही सिटीत चालवता ना मॅडम, हे वॉरंटीत बसत नाही.” मी विचारलं, चोक झालाय हे कशावरून? तर म्हणाला, “सरांना पाठवता का? थोडं टेक्निकल आहे.”

सर त्या वेळी घरी मीटिंगमध्ये होते आणि सरांना बॉनेट कुठून उघडतं ते विचारावं लागतं. मी म्हटलं, स्कॅनर जोडलाय ना, स्क्रीन दाखवा.

स्कॅनर धरून एक पोरगा उभा होता, विशी-बाविशीचा, हाताला ग्रीस. त्याने लाइव्ह डेटा लावला. फिल्टरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब यांतला फरक एक सेन्सर मोजतो. त्याला दोन रबरी नळ्या असतात, एक फिल्टरच्या आधीची, एक नंतरची. फरक जास्त म्हणजे मधे काजळी जास्त, असं गणित. स्क्रीनवर ४१ हेक्टोपास्कल (दाबाचं माप). अ‍ॅडव्हायझर म्हणाला, “बघा, केवढा आहे.” मी विचारलं, इंजिन चालू आहे का? पोरगा म्हणाला, “नाही मॅडम, नुसती चावी ऑन.” मग म्हटलं, आत्ता फिल्टरमधून काय चाललंय? काहीच नाही. मग दाबात फरक कुठला?

बीपीचा पट्टा दंडाला न बांधताच यंत्र ४१ दाखवत असेल तर आपण पेशंटला गोळी चालू करतो का? यंत्र बदलतो. मी हे बोलले तेव्हा अ‍ॅडव्हायझर फोनकडे बघत होता, पण पोराच्या लक्षात आलं होतं. न सांगता त्याने बॉनेटखाली हात घातला आणि दोन्ही नळ्या सेन्सरवरून उपटल्या. सेन्सर उघड्या हवेत, दोन्ही तोंडं मोकळी. आकडा ४१च. पोरगा हळूच म्हणाला, “सेन्सर मेलाय.”

म्हणजे काय होत होतं बघा. फिल्टर साफ झाला तरी सेन्सर भरलाय म्हणून सांगायचा, इंजिन बिचारं पुन्हा जाळायला घ्यायचं, डिझेल जायचं, ऑइल बिघडायचं, दिवा लागायचा, आणि दोष माझ्या ड्रायव्हिंगचा. अ‍ॅडव्हायझरने शेवटचा प्रयत्न केला: “सेन्सर आणि फिल्टर एकदमच करून घ्या, परत खोलायला नको.” मी फक्त सेन्सर घेतला, नळ्या नव्या टाकल्या, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, आणि स्कॅनरवरून एकदा उभ्या गाडीत काजळी जाळून घ्यायला सांगितलं. सगळं मिळून पंधरा हजारांच्या आत. बिलावर सही घ्यायला अ‍ॅडव्हायझर आला नाही, त्याने दुसऱ्याला पाठवलं.

तेव्हा तुम्ही आधी हे करा. स्कॅनरवरचे आकडे मागा, तोंडी नको, फोटो काढा. इंजिन बंद असताना दाबातला फरक शून्याच्या आसपास हवा. मग आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना, किती, अडीच-तीन हजार आरपीएमला किती. काजळी किती दाखवतंय आणि राख किती, हे दोन वेगळे आकडे असतात आणि सगळी मेख तिथेच आहे. काजळी जळते. राख जळत नाही, ती इंजिन ऑइलमधल्या रसायनांची असते आणि साठतच जाते. राखेने फिल्टर भरणं हे साधारण लाख-दीड लाख किलोमीटरच्या पुढचं दुखणं. ४८ हजारांत कोणी ‘चोक’ म्हणत असेल तर एकतर ती काजळी आहे, जी जाळता येते, नाहीतर गाडी ऑइल पिते आहे, नाहीतर कोणीतरी भलतंच ऑइल ओतलंय. कमी राखेचं, मॅन्युअलमधल्या ग्रेडचंच ऑइल लागतं. जुन्या बिलांवर काय लिहिलंय ते बघा, आमच्याकडे एकदा नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलेलं निघालं. आणि ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग), इंजेक्टर किंवा तापमानाचा सेन्सर यांचा एखादा एरर पडून असेल तर बऱ्याच गाड्या जाळायला सुरुवातच करत नाहीत, टाकीत डिझेल अगदी तळाला असलं तरीही करत नाहीत. तो मूळ एरर सोडून नवा फिल्टर टाकला तर नवाही तसाच भरेल.

जाळणं चालू असताना गाडी बंद करायची नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. आयडल थोडं वाढतं, पंखा जोरात फिरतो, मायलेजचा आकडा पडतो. अशा वेळी सोसायटीच्या गेटपाशी पोचला असाल तर सरळ पुढे जा, एक मोठी चक्कर मारून या. पेशंटला दहा मिनिटं उशीर चालतो.

आता काढण्याचं. आमचे धाकटे दीर गाड्यांतले जाणकार. त्यांनी स्वतःच्या गाडीचा फिल्टर काढून आत नुसता पाइप ठेवलाय आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा, प्रोग्रॅम बदलून घेतलाय. माझं कोटेशन कळल्यावर पंगतीत सगळ्यांसमोर म्हणाले, “वहिनी, ती जाळी काढून फेका. गाडी मोकळी श्वास घेते.” पिकअप सुधारतो, मायलेज वाढतं, दिवा कायमचा जातो. खोटं नाही, पुढची अडवणूक गेली की थोडा फरक पडतो. दिवाही जातो, कारण तो लावणारा प्रोग्रॅमच काढलेला असतो.

पण गाडी मोकळी श्वास घेते आणि मागचा माणूस काय घेतो? मी छातीचे पेशंट बघते. कफ सुटत नाही म्हणून ज्यांच्या पाठीवर थाप मारून घ्यावी लागते, जिना चढताना जे दोनदा बसतात. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलंय, तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस ज्या यादीत आहेत त्याच यादीत. बीएस४ या धुराच्या आधीच्या सरकारी मानकात डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, १ एप्रिल २०२०पासून बीएस६ला ती साडेचार झाली, आणि ते या ‘जाळी’मुळेच जमतं. आपण बीएस५ गाळून थेट सहावर आलो, त्यासाठी देशभर डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आणलं. एवढा खटाटोप कशासाठी, तर दिरांनी तो भाग गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून द्यावा म्हणून?

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे पीयूसी. पास झाल्याचा फोटो त्यांनी फॅमिली ग्रुपवर टाकला होता, अंगठ्यासकट. होते पास, हेही खरं. पीयूसीला धूर किती गडद आहे एवढंच बघतात. बारीक कण त्या यंत्राला दिसत नाहीत, फुप्फुसाला मात्र सापडतात. मी त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं, काजळाच्या डबीत घातल्यासारखं निघालं. माझ्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये बोट घाला, धूळ लागेल फक्त. हे मी अंगणात सगळ्यांसमोर करून दाखवलं. सासऱ्यांना रोज दोन वेळा इन्हेलर घ्यावा लागतो आणि दीर रविवारी सकाळी त्यांच्या खिडकीखाली गाडी गरम करत उभे राहतात. सासूबाई म्हणाल्या, जाऊ दे ना, सणाचे दिवस आहेत. नाही जाऊ दिलं.

कायद्याचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पकडतं कोण, हा प्रश्न दीरही विचारतात. पण वॉरंटी संपते ती संपतेच, आणि विकताना समजणारा गिऱ्हाईक आला तर तो बॉनेट न उघडता तेच बोट फिरवून बघेल.

एक राहिलं. मी मेकॅनिक नाही, आणि माझ्या गाडीला सेन्सर गेला म्हणून तुमच्याही गाडीचा सेन्सरच असेल असं नाही. पिवळ्याबरोबर इंजिनचा दिवा लागला असेल, किंवा गाडी ओढेनाशी झाली असेल, तर हायवेला वगैरे नेऊ नका, टो करून न्या. तशा भरलेल्या फिल्टरमधली काजळी पेटली तर तो आतून वितळू शकतो. आणि फिल्टर काढलेला नसतानाही सायलेन्सरमध्ये बोट काळं निघत असेल तर आतली जाळी तडकलेली असू शकते. मग मात्र बदलण्याला पर्याय नाही. खरोखर राखेनेच भरला असेल तर आधी काढून मशीनवर धुऊन मिळतो का ते विचारा, नव्याच्या मानाने बराच स्वस्त पडतो. नुसता वॉटर जेट मारणाऱ्याकडे देऊ नका. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा. लेखी म्हटलं की भाषा मऊ होते, एवढा अनुभव आहे.

गाडी विकून पेट्रोल घेऊ का, असंही शेवटी विचारलंय तुम्ही. पण रोज किती आणि कुठे चालवता ते कुठेच लिहिलेलं नाही. ते सांगा, मग बोलू.