वाचकांचे प्रश्न : त्रिकोण कुठे जुळतो, कुठे अडतो

प्रश्न : केळीच्या शेताचा नाल्याकडचा तुकडा तिकोनी आहे. टेपने मोजल्यावर बाजू ४०, ६५ आणि ११० मीटर भरल्या. तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचे हेरॉनचे सूत्र लावले, पण कॅल्क्युलेटर वर्गमूळच देत नाही. सूत्र चुकले की मोजणी? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : मोजणी. ४० आणि ६५ मिळून होतात १०५. म्हणजे ११० मीटरच्या बांधाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला वळसा घालून गेलात तर १०५ मीटर आणि सरळ गेलात तर ११०! असा तुकडा जमिनीवर असूच शकत नाही. सूत्रही तेच सांगते आहे : अर्धपरिमिती (तिन्ही बाजूंच्या बेरजेचे निम्मे) १०७.५, त्यातून ११० वजा केले की उणे २.५ उरतात आणि वर्गमुळाखाली ऋण संख्या येते.

तपासायला तीन बेरजा करत बसू नका. सर्वांत मोठी बाजू वेगळी काढा. उरलेल्या दोघींची बेरीज तिच्यापेक्षा जास्त हवी. बेरीज नेमकी तेवढीच आली तरी त्रिकोण होत नाही, तिन्ही कोपरे एका रेषेत येतात.

पहिला संशय ११० वर घ्या. टेप नाल्याच्या वळणाने धरला, मध्ये झोळ राहिला किंवा चढउतारावर जमिनीला चिकटवून मोजले, तर तिन्ही वेळा आकडा खऱ्यापेक्षा मोठाच येतो. टेप ३० मीटरचा असेल तर दुसरी शक्यता : पूर्ण टेप मोजताना एखादा विसरला जातो, आणि ७० मीटरच्या बाजूचे ४० होतात. ७०, ६५, ११० चा त्रिकोण व्यवस्थित होतो, म्हणून ती बाजूही पुन्हा मोजा.

खरी अडचण यापुढे आहे. समजा फेरमोजणीत मोठी बाजू १०४ आली. सूत्र आता उत्तर देईल : सुमारे ३६५ चौरस मीटर, म्हणजे साडेतीन गुंठ्यांहून थोडे जास्त. पण तीच बाजू १०३ धरली तर क्षेत्र होते ५०९ चौरस मीटर, म्हणजे पाच गुंठे. एका मीटरच्या चुकीत जवळजवळ दीड गुंठा हलला! याउलट ६०, ६५, ७० असा भरलेला त्रिकोण घ्या : क्षेत्र सुमारे १,८०८ चौरस मीटर, ७० चे ७१ केले तर १,८२२. फरक एक टक्काही नाही. मोजणीदार ३० अंशांपेक्षा कमी आणि १२० पेक्षा जास्त कोन टाळतात ते याचसाठी. तुमचा तुकडा असा चपटा निघाला तर हेरॉनच्या नादी लागू नका. मोठ्या बाजूवर समोरच्या कोपऱ्यातून लंब टाका (काटकोनासाठी ३-४-५ मीटरची दोरी पुरते) आणि पाया गुणिले उंची भागिले दोन करा. १०४ मीटरच्या पायावर उंचीत १० सेंटिमीटरची चूक झाली तरी क्षेत्र ५ चौरस मीटरच हलते.

प्रश्न : दोन त्रिकोण एकरूप आहेत हे ठरवायला बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी आहे, मग दोन बाजू आणि त्यांच्यामधला नसलेला कोन दिला तर कसोटी का नाही? (विद्यार्थिनी, शहादा)

उत्तर : कारण त्या माहितीतून दोन वेगवेगळे त्रिकोण निघू शकतात. काढूनच पाहा. कोन अ ३० अंशांचा, अब ८ सेंमी, बक ५ सेंमी. अ पासून ३० अंशांचा किरण काढा, ब वर कंपासचे टोक ठेवून ५ सेंमीचा कंस मारा. कंस किरणाला दोनदा छेदतो : एकदा अ पासून ३.९ सेंमीवर, एकदा ९.९ वर. दोन्ही त्रिकोण दिलेल्या मापांत बसतात.

ठरवणारी गोष्ट म्हणजे ब पासून किरणावरचा लंब, म्हणजे ८ गुणिले साइन ३०, बरोबर ४ सेंमी. बक ४ पेक्षा लहान असेल तर कंस पोचतच नाही. नेमकी ४ असेल तर एकच, काटकोनी त्रिकोण. ४ आणि ८ यांच्यामध्ये असेल तर दोन. ८ किंवा जास्त असेल तर पुन्हा एकच. ४ च्या आसपास पेन्सिलीवर विसंबू नका, बोथट टोकाने कंस किरणाला टेकला की छेदला ते कळत नाही. लंबाची लांबी काढा. आणि दिलेला कोन काटकोन किंवा विशालकोन असेल तर गोष्ट सोपी : समोरची बाजू दुसरीपेक्षा मोठी असेल तरच त्रिकोण, आणि तो एकच. त्यातल्या काटकोनाच्या प्रकाराला कर्णभुजा कसोटी हे नाव आहे.

प्रश्न : रचनेच्या सरावासाठी उदाहरण तयार केले : बक ६ सेंमी, कोन ब ५० अंश, अब आणि अक यांची बेरीज ५.५ सेंमी. मुलांना बिंदू अ मिळाला, पण आकृती विचित्र दिसते. (शिक्षक, अमळनेर)

उत्तर : बेरीज पायापेक्षा लहान आहे, त्यामुळे मागितलेला त्रिकोण अस्तित्वातच नाही. तरी बिंदू मिळाला, कारण मुलांनी ५० अंशांचा किरण ब च्या मागे वाढवला. किरणावर बड ५.५ घेऊन कड चा लंबदुभाजक काढला की तो त्या रेषेला ब च्या पलीकडे, सुमारे १.७५ सेंमीवर छेदतो. तिथे अब १.७५ आणि अक ७.२५ सेंमी. त्यांची बेरीज ९, वजाबाकी मात्र ५.५! कोन ब ही ५० ऐवजी १३० झाला. म्हणजे मुलांनी वेगळेच उदाहरण सोडवले. फळ्यावर देण्यापूर्वी दोन गोष्टी बघा : बेरीज दिली असेल तर ती पायापेक्षा मोठी, फरक दिला असेल तर तो पायापेक्षा लहान. परिमिती आणि पायाचे दोन कोन देत असाल तर त्या कोनांची बेरीज १८० पेक्षा कमी असली की पुरे.

प्रश्न : पत्र्याच्या शेडची कैची (छप्पर पेलणारी तिकोनी चौकट). गाळा (खालची रुंदी) २० फूट, पाखे (दोन्ही उतार) २० अंशांचे, पाइप १०-१० फूट असा कागद आला आहे. कापू का? (फॅब्रिकेशनवाले, धुळे)

उत्तर : नको. १० आणि १० मिळून २०, म्हणजे पाइप गाळ्यावर आडवे पडतील. २० अंशांसाठी पाइप १०.६४ फूट, म्हणजे १० फूट पावणेआठ इंच लागेल आणि आढे, म्हणजे वरचे टोक, ३.६४ फूट वर येईल. पत्रा बाहेर काढायचा असेल तर ती लांबी वेगळी. नुसता एक इंच वाढवून भागणार नाही : १० फूट १ इंचाच्या पाइपने आढे साडेपंधरा इंच उचलले जाते खरे, पण उतार साडेसात अंशांच्याही आतच राहतो. गाळा आणि कोन कायम धरून पाइपची लांबी मालकाकडून दुरुस्त करून घ्या. आणि गिऱ्हाईक चौथे माप देते तेव्हा ते पहिल्या तिघांशी जुळते का, हे कटर चालू करण्याआधी बघा.